रोमन बाथ्स आणि थर्मे बाथ स्पा: बाथला जाताना पैसे कशाचे मोजताय ते आधी ठरवा

इंग्लंडमधल्या बाथ शहराचा बेत आखताना हमखास घोटाळा होतो तो या दोन ठिकाणांचा. दोन्हीकडे गरम झऱ्यांचंच पाणी, नावंही मिळतीजुळती आणि एकापासून दुसरं जेमतेम तीन-चार मिनिटांच्या चालीवर. त्यात रेल्वे स्टेशनचं नावही ‘बाथ स्पा’. मग कुणी पोहण्याचे कपडे घेऊन रोमन बाथ्सच्या दारात जातं, तर कुणी मुलांसकट स्पात जायचं ठरवतं आणि मुलांना आत घेत नाहीत हे तिथे गेल्यावर कळतं.

रोमन बाथ्स हे संग्रहालय आहे. तिथे आंघोळ करता येत नाही, पाण्यात हातही घालायचा नसतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे जरा चमत्कारिक वाटतं, पण कारण गंभीर आहे. 1978 मध्ये इथल्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वराने मृत्यू झाला आणि तेव्हापासून इथलं पोहणं बंद झालं. मोठ्या कुंडातलं पाणी प्रक्रिया न केलेलं आहे आणि तळाला आजही रोमनांनी बसवलेले शिशाचे 45 पत्रे आहेत. पाण्याचा हिरवा रंग शेवाळाचा. रोमन काळी कुंडावर छत होतं, आता थेट ऊन पडतं, म्हणून शेवाळ धरतं.

थर्मे बाथ स्पा 2006 मध्ये सुरू झालं. इथे खरोखर पाण्यात उतरायचं असतं. झऱ्याचं पाणी गाळून, शुद्ध करून, साधारण 33.5 अंशांवर आणून तलावात सोडतात. एक तलाव आत आहे, दुसरा गच्चीवर उघड्यावर. लोक पैसे मोजतात ते मुख्यतः या गच्चीसाठी. वयाची अट 16 वर्षं पूर्ण, आणि सोबत आई-वडील असले तरी ती शिथिल होत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर दोघांपैकी एकाला बाहेर थांबावं लागतं, म्हणून अशा सहलीच्या हिशेबातून स्पा सरळ काढून टाकावा.

आता पैशांचं. रोमन बाथ्सचं तिकीट मोठ्या माणसाला ढोबळमानाने 20 ते 30 पौंडांच्या दरम्यान पडतं. हंगाम आणि वार बघून दर बदलतो. शनिवार-रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी महाग, मधले वार स्वस्त. आधी ऑनलाइन काढलेलं तिकीट दारातल्यापेक्षा परवडतं, आणि कुटुंबासाठी एकत्र तिकीटही मिळतं. ऑडिओ गाइड तिकिटातच येतो, तो टाळू नका. सगळं नीट बघायला दीड-दोन तास लागतात आणि बंद होण्याच्या तासभर आधी प्रवेश थांबतो, तेव्हा संध्याकाळी धावतपळत पोचण्यात अर्थ नाही.

स्पाचं दोन तासांचं सत्र माणशी 40 ते 50 पौंडांपर्यंत जातं. सोमवार ते शुक्रवार कमी, शनिवार-रविवारी जास्त. टॉवेल, झगा आणि सपाता त्यातच मिळतात. पोहण्याचे कपडे मात्र आपले आपण न्यायचे. विसरलात तर तिथे विकत मिळतात, पण तो खर्च फुकटचा. वेळ हातातल्या पट्ट्यावर मोजली जाते आणि उशीर झाला तर वरचे पैसे लागतात. कपडे बदलण्याची, केस वाळवण्याची वेळ आधीच हिशेबात धरा. मसाज वगैरेंचे पैसे वेगळे. फोन आत नेता येत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या फोटोंसाठी जाणार असाल तर बेत बदललेला बरा.

म्हणजे दोघांनी दोन्ही केलं तर एकशेवीस ते एकशेसाठ पौंड नुसत्या प्रवेशाचे. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने सकाळी येऊन रात्री परतणाऱ्यांनी (गाडीला साधारण दीड तास लागतो) रोमन बाथ्स घ्यावं आणि स्पा सोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका दिवसात दोन्ही केलं की गावाला वेळ उरत नाही, आणि बाथचं गाव बघणं जवळजवळ फुकट आहे: रॉयल क्रेसेंटची अर्धवर्तुळाकार घरं, ‘सर्कस’ नावाचा गोलाकार घरांचा चौक, पुल्टनी पूल आणि त्याखालचा बांध. महापौरांच्या मानद मार्गदर्शकांच्या पायी फेऱ्या पंप रूमबाहेरून (रोमन बाथ्सला लागूनचं जुनं सभागृह) निघतात. त्या पूर्ण मोफत आहेत आणि मार्गदर्शक बक्षिसीही घेत नाहीत. मुक्काम करणार असाल तर मात्र मधल्या वारी सूर्यास्ताच्या सुमाराचं स्पाचं सत्र खरंच पैसे वसूल करतं. थंडीत तर अधिकच, कारण कोमट पाण्यावरून वाफ उठत असते. त्या वेळेला मागणी फार, म्हणून जागा आधी राखून ठेवा.

रोमन बाथ्समध्ये घाई करू नये असा एक कोपरा सांगतो. झऱ्यातून सापडलेले शिशाचे आणि शिसे-कथिलाच्या मिश्रधातूचे सुमारे 130 छोटे पत्रे तिथे आहेत. त्यांवर सुलिस मिनर्व्हा देवीला घातलेली गाऱ्हाणी कोरलेली आहेत, बरीचशी चोरीची. डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीचा झगा गेला, तर चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला शासन कर, असं तो देवीला विनवतो. मोठ्या कुंडापाशी फोटो काढून निघून जाणाऱ्यांचं हे राहून जातं. शेवटी झऱ्याचं पाणी चाखायला मिळतं तेही तिकिटातच आहे. चव लोखंडी, कोमट. एक घोट पुरे.

भारतीय कार्डाने पैसे देताना यंत्राने ‘रुपयांत की पौंडांत’ असं विचारलं तर पौंड निवडा. रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूची बँक लावते आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो. परकीय चलनाचा तुमच्या बँकेचा आकारही निघण्याआधी विचारून घ्या.