खवट ईथर

गेल्या एप्रिलमध्ये एका मित्राचा फोन आला. तो पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची होती, म्हणून स्टोअररूममधली कपाटं उपसणं चाललं होतं. मागच्या रांगेतून डायएथिल ईथरची, म्हणजे प्रयोगशाळेत द्रावक म्हणून लागणाऱ्या साध्या ईथरची, अर्ध्या लिटरची तपकिरी बाटली निघाली. लेबल पिवळं पडलेलं, त्यावर तारीख नाही, तळाशी बोटभर द्रव. झाकण इतकं घट्ट बसलेलं, की लॅबमधले काका पक्कड आणायला गेले होते. "बरंचसं उडूनच गेलंय रे, उरलंसुरलं बेसिनमध्ये ओततो," मित्र म्हणाला. मी त्याला आधी काकांना थांबवायला सांगितलं, आणि मग बाटलीला हात न लावता खोलीचं दार ओढून बाहेर यायला.

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला हे माहीत नसतं असं नाही. पाठ्यपुस्तकात एक ओळ असते: हवा आणि प्रकाश यांच्या सान्निध्यात ईथरपासून पेरॉक्साइडं (सहज स्फोट होणारी संयुगं) तयार होतात. एका मार्काची ओळ. ती लिहून पास झालं की संपलं. ईथर म्हटलं की लक्षात राहते ती आग, आणि तीही काही खोटी नाही. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, हवेचा दाब जरा कमी, म्हणजे इथे ते साधारण ३३ अंशांनाच उकळायला लागणार. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे पंख्याखालीही त्याहून जास्त तापमान असतं! शिवाय त्याची वाफ हवेच्या अडीचपट जड. ती वर जात नाही, ओट्यावरून पाण्यासारखी सरपटत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटप्लेटला जाऊन भिडते. ज्योतही लागत नाही, नुसता तापलेला पृष्ठभाग पुरतो. घरगुती फ्रिजमध्येसुद्धा ते ठेवायचं नाही, कारण आतल्या थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरे होते.

पण मी मित्राला बाहेर काढलं ते आगीच्या भीतीने नाही. ती बाटली खवट झालेली असणार होती.

खवट हा शब्द मी गंमत म्हणून वापरत नाही. दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी राहून डिसेंबरात निघाला की त्यातल्या शेंगदाण्यांना जो वास येतो, त्यामागचं रसायन आणि ईथरच्या बाटलीतलं रसायन एकच आहे. मला या प्रक्रियेचं फार कौतुक आहे, तेव्हा जरा तपशिलात शिरतो.

ईथरच्या रेणूत मधोमध ऑक्सिजनचा एक अणू आणि त्याच्या दोन्ही हातांना दोन-दोन कार्बनच्या शेपट्या असतात. ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवरचे हायड्रोजन इतरांपेक्षा सैल बसलेले असतात. का? तर असा एक हायड्रोजन निघून गेला की कार्बनवर एकटा, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरतो, आणि शेजारचा ऑक्सिजन आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनांचा थोडा आधार त्याला देतो. पडलं तर धरायला कुणी आहे म्हटल्यावर पडणं सोपं जातं, तसंच. शेंगदाण्याच्या तेलात हा आधार ऑक्सिजनऐवजी शेजारचे दुहेरी बंध देतात. फरक तेवढाच.

उन्हाची तिरीप, थोडी ऊब, किंवा आधीच असलेला एखादा कचरा रेणू एवढ्याने पहिला हायड्रोजन निघतो. आता तो बिनजोडीचा इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला रेणू, म्हणजे मुक्तमूलक, जोडीदार शोधत असतो. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत गंमत अशी, की त्याच्याकडे मुळातच दोन बिनजोडीचे इलेक्ट्रॉन असतात. दोघांचं क्षणात जमतं. पण ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन अजून एकटाच! मग हा नवा पेरॉक्सी मूलक शेजारच्या ईथरच्या रेणूचा सैल हायड्रोजन ओढून घेतो आणि हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत बसतो. ज्याचा हायड्रोजन गेला, तो शेजारी आता मुक्तमूलक. त्याला ऑक्सिजन भेटतो, तो पुढच्याचा हायड्रोजन ओढतो. खो-खोसारखं आहे हे. एकाला खो मिळाला की तो उठतो, दुसऱ्याला देतो, आणि मागे दर वेळी एक हायड्रोपेरॉक्साइड बसलेलं राहतं. त्यातलंच एखादं तुटलं तर दोन नवे मूलक निर्माण होतात आणि एकाऐवजी अनेक साखळ्या धावायला लागतात. पुढे हे रेणू एकमेकांत गुंतून लांब साखळीची, तेलकट, आणखी चिडखोर पेरॉक्साइडं बनवतात.

चिडखोर का, तर त्यांच्यात ऑक्सिजनला ऑक्सिजन जोडलेला असतो. हा बंध तोडायला मोलमागे (रेणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) साधारण १५० किलोज्यूल पुरतात. ईथरमधला तो सैल म्हटलेला हायड्रोजन उपटायलाही याच्या अडीचपट ऊर्जा लागते. आणि एकदा बंध तुटला की इंधन आणि ऑक्सिजन एकाच रेणूत हजर. बाहेरच्या हवेची वाट पाहायचं कारण नाही. धक्का, घर्षण, उष्णता, काहीही चालतं. झाकणाच्या आट्यांमध्ये सुकलेल्या पेरॉक्साइडवर पक्कड फिरवणं म्हणजे काय, ते आता वेगळं सांगायला नको.

अशा अपघातानंतर "काही न करता आपोआप स्फोट झाला" असं बोललं जातं. आपोआप काहीच होत नाही. भानामतीने कपडे पेटतात म्हणून गावोगावी घबराट होते, तेव्हा अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते पोटॅशियम परमँगनेटवर "तूप" म्हणून ग्लिसरीन ओततात आणि काडी न लावता होम पेटवून दाखवतात. बाटलीतली भानामतीही त्याच जातीची, फक्त तिची तयारी दोन-चार वर्षं मुकाट्याने चाललेली असते.

मुकाट्याने, कारण इथे शेंगदाणा बरा. तेलातली हायड्रोपेरॉक्साइडं फुटून हेक्झॅनलसारखे उग्र वासाचे रेणू बाहेर पडतात, जीभ आणि नाक लगेच तक्रार करतात. ईथरच्या मूळ वासापुढे असलं काही कळून येत नाही. द्रव दिसायला तसाच, पाण्यासारखा नितळ. त्यात पेरॉक्साइडं ईथरइतकी उडून जात नाहीत. ईथर झाकणातून हळूहळू निसटतं, ती तळाशी दाट होत जातात. म्हणजे "बरंचसं उडून गेलंय" ही दिलाशाची गोष्ट नव्हतीच. ऊर्ध्वपातनातही, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा गार करून गोळा करतानाही, हेच होतं, म्हणून ईथर कधीच कोरडं होईपर्यंत उकळायचं नाही, तळाशी थोडं राहू द्यायचं.

कारखान्यातून येणाऱ्या ईथरमध्ये बहुधा बीएचटी नावाचं रसायन किंचित घातलेलं असतं. ते आपला हायड्रोजन पेरॉक्सी मूलकाला स्वतःहून देऊन टाकतं. त्यातून उरलेला बीएचटीचा मूलक इतका बोजड आणि आळशी असतो, की तो पुढे कुणाला खो देत नाही. डाव तिथेच थांबतो. हेच बीएचटी खाण्याच्या पाकिटांवर दिसलं की आपल्याकडे "केमिकल, केमिकल" म्हणून ओरडा होतो. वेफर्स खवट होऊ नयेत म्हणूनच ते तिथे असतं. आणि शुद्धतेची हौस असणाऱ्यांनी हे ऐकावं: ऊर्ध्वपातन करून ईथर शुद्ध केलं की बीएचटी मागे राहतं. बाटलीतलं सगळ्यात शुद्ध ईथर सगळ्यात लवकर बिघडतं. न शुद्ध केलेल्यातलंही बीएचटी हळूहळू खर्ची पडतं, ते काही अमरपट्टा घेऊन आलेलं नसतं.

तपासणी अगदी सोपी आहे. थोडं ईथर ॲसेटिक आम्लातल्या पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाबरोबर हलवायचं. पेरॉक्साइड असेल तर आयोडाइडचं आयोडीन होतं आणि रंग पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत जातो. तेल कितपत खवट झालं हे मोजणारी "पेरॉक्साइड व्हॅल्यू" याच क्रियेवर काढतात. तयार पट्ट्याही मिळतात, आणि १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भागांच्या) पुढे गेलं तर ते ईथर वापरायचं नाही अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. पण ही तपासणी तारीख माहीत असलेल्या, नेहमी वापरातल्या बाटलीसाठी. अनोळखी जुनी बाटली तपासण्यासाठी उघडायची नसते. बाटली आली कधी आणि उघडली कधी, या दोन तारखा लेबलवर पेनाने लिहिल्या असत्या, तर मित्राला फोनच करावा लागला नसता. उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवा किंवा तपासा, असा नियम बऱ्याच प्रयोगशाळा पाळतात. त्याच कुळातलं डायआयसोप्रोपिल ईथर याहून वाईट, त्याला तीनच महिने द्यावेत.

मित्राच्या कॉलेजात खोली दोन दिवस बंद राहिली. त्यातला दीड दिवस प्राचार्यांना पटवण्यात गेला. रांजणगावला घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सोय आहे, टेम्पोत घालून पाठवून देऊ, असा एक प्रस्ताव आला होता. नगर रस्त्याच्या पन्नास किलोमीटरच्या खड्ड्यांतून ती बाटली न्यायची, ही कल्पना ऐकून मित्रच हबकला. शेवटी स्फोटकं हाताळणारे जाणकार आले आणि ती घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. त्याच कपाटात "पेट्रोलियम ईथर"ची एक बाटली सापडली होती, आणि या वेळी मजला रिकामा करूनच त्याने मला फोन लावला होता. त्याला म्हटलं, अरे, हे नावाचंच ईथर. आत पेट्रोलसारखे हलके हायड्रोकार्बन असतात, ऑक्सिजनचा अणू औषधालाही नाही, त्यामुळे आधाराला कुणी नाही आणि तशी पेरॉक्साइडंही साठत नाहीत. पेटायला मात्र ते कुणाला हार जात नाही, तेव्हा बर्नर बंद आहेत ना, तेवढं बघ.