ऑसिलोस्कोपवर सीरियल प्रोटोकॉलचे विश्लेषण

एका-दोन तारांवरून बिटामागून बिट जाणारा मजकूर, त्या तारेवरचा व्होल्टेज ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहून उलगडण्याची ही पद्धत. मुंबईत ती व्हीजेटीआय किंवा पवईच्या आयआयटीच्या प्रयोगशाळांत जशी चालते, तशीच ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावरही. जुन्या सीआरओवर (कॅथोड-रे ट्यूबच्या ऑसिलोस्कोपवर) एकदाच येऊन जाणारा संदेश धरून ठेवणे अवघड होते. डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोपने (डीएसओ) ती अडचण दूर केली.

सुरुवातीला यूएआरटी बरा: क्लॉकची वेगळी तार न लागणारा साधा सीरियल प्रोटोकॉल. रिकामी लाइन वर, म्हणजे ‘१’ वर असते. ती खाली आली की स्टार्ट बिट. म्हणून ट्रिगर (लहर कोणत्या क्षणी टिपायची त्याची खूण) उतरत्या कडेवर लावायचा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. पडद्यावर ०, मग १ ० १ १ ० ० १ ०, आणि शेवटी १ दिसले, तर पहिला स्टार्ट व शेवटचा स्टॉप बिट सोडून मधले आठ उलट क्रमाने वाचावेत, कारण सर्वांत कमी किमतीचा बिट आधी येतो. ०१००११०१ म्हणजे ७७, रोमन लिपीतले कॅपिटल ‘एम’. बॉड रेट ठाऊक नसेल तर सर्वांत अरुंद पल्स मोजावी: ८.७ मायक्रोसेकंद भरली तर ११५२००. आरएस-२३२ या जुन्या सीरियल पोर्टच्या मानकात मात्र सगळे उलटे, तिथे ‘१’ ऋण व्होल्टेजचा.

हल्लीचे डीएसओ ही आकडेमोड स्वतः करून लहरीखाली बाइट छापतात. सोय मोठी, पण त्या छापील बाइटवर डोळे मिटून विसंबू नये. ठरवलेल्या थ्रेशोल्डच्या (सीमारेषेच्या व्होल्टेजच्या) वर ‘१’, खाली ‘०’ एवढेच डीकोडर पाहतो. लहर त्या रेषेला जेमतेम शिवत असली तरी बाइट स्वच्छच छापला जातो.

फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेल्या आय-टू-सी बसवर (क्लॉक आणि डेटा अशा दोन तारांवर चिपा जोडणारी) हे ठळक दिसते. तिथे चिप लाइन फक्त खाली ओढते, वर नेतो तो पुल-अप रेझिस्टर. त्यामुळे उतरती कड तीक्ष्ण आणि चढती गोलसर असते. ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि १०० पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स) असेल तर व्होल्टेज ३० वरून ७० टक्क्यांवर जायला सुमारे ४०० नॅनोसेकंद लागतात. ४०० किलोहर्ट्झच्या बसला मुभा ३०० चीच. आठ बिटांनंतरच्या नवव्या क्लॉकला समोरची चिप लाइन खाली ओढून पोच देते. तिची ‘खालची’ पातळी पाठवणाऱ्या चिपेपेक्षा किंचित वेगळी असल्याने पडद्यावर बारीक पायरी उमटते आणि लाइन कोणाच्या हातात आहे ते कळते. लॉजिक ॲनालायझरला ही पायरी दिसत नाही. त्याच्या लेखी दोन्ही शून्यच.

प्रोब (तारेला टेकवायची सुई) १० एक्सवर, म्हणजे सिग्नल दहापट कमी करणाऱ्या स्थितीवर ठेवावा. १ एक्सवर तो स्वतःच शंभरेक पिकोफॅरड धारिता लादतो आणि धडधाकट बस आजारी दिसते. प्रोबची ग्राउंड क्लिप बहुतेक डीएसओंत थेट अर्थिंगला जोडलेली असते. वीजमीटरांना जोडणाऱ्या आरएस-४८५ च्या दोन तारांपैकी एकीला ती लावणे म्हणजे ती तार अर्थला शॉर्ट करणे. इथे संदेश दोन तारांच्या व्होल्टेजमधल्या फरकात असतो, म्हणून दोन चॅनलांवर दोन तारा घेऊन वजाबाकी करावी. फरक २०० मिलिव्होल्टांहून अधिक असेल तर रिसीव्हरने तो ओळखायलाच हवा.

एसपीआय या चिपांमधल्या आणखी एका बसला क्लॉक, दोन डेटा आणि चिप सिलेक्ट (कोणत्या चिपेशी बोलायचे ते ठरवणारी तार) मिळून चार चॅनल लागतात. दोन चॅनलांच्या यंत्रावर क्लॉक आणि एक डेटा लाइन एवढ्यावर भागवावे लागते, आणि चिप सिलेक्ट एक्स्टर्नल ट्रिगरला द्यायचा.