जुने टायपरायटर : ऑनलाइन खरेदी-विक्री आणि संग्रह

वापरातून गेलेली टंकलेखन यंत्रे इंटरनेटवरून शोधणे, विकत घेणे, दुरुस्त करून चालती ठेवणे आणि पुन्हा विकणे हा छंदही आहे आणि व्यवसायही. ग्रामोफोन, मनगटी घड्याळे, कॅमेरे, रेडिओ अशा जुन्या वस्तूंच्या बाजाराचाच तो एक भाग आहे. टायपरायटरची अडचण मात्र वेगळी आहे. हे यंत्र हाताने जोखायचे असते. कळ दाबल्यावर अक्षराची दांडी किती झटकन उठते, गाडी (कागद घेऊन डावी-उजवीकडे सरकणारा वरचा भाग) ओढताना कुठे अडकते, ओळीच्या शेवटी घंटी वाजते का, हे बोटांना आणि कानांना कळते, फोटोत दिसत नाही. म्हणून ऑनलाइन खरेदीचे खरे कसब नेमके प्रश्न विचारण्यात आहे.

जाहिरातींत ‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’ हे शब्द सरसकट वापरले जातात. साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या एट्सी या अमेरिकी बाजारपेठेत व्हिंटेज म्हणून विकायची वस्तू किमान २० वर्षे जुनी असावी लागते. त्या हिशेबाने १९८०च्या दशकातले ऑफिसचे यंत्र व्हिंटेज ठरते, अँटिक नव्हे.

जुन्या वस्तू जमवण्याची हौस इंटरनेटच्या आधीची आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या आणि त्यातून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार आजही चालू आहेत. सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ईबे झाले. त्यानंतर एका गावच्या माळ्यावरचे यंत्र दुसऱ्या खंडातल्या माणसाला दिसू लागले, आणि तसेच यंत्र आधी कितीला गेले हेही कळू लागले. भारतात हा व्यवहार मुख्यतः जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरचे गट यांतून होतो. पुष्कळदा जाहिरात ऑनलाइन पाहायची आणि सौदा दारात जाऊन करायचा, अशीच रीत आहे. यंत्र जवळच्या शहरात असेल तर तीच उत्तम.

जगभरच्या संग्राहकांची पहिली ओढ आरंभीच्या यंत्रांकडे असते. क्रिस्टोफर शोल्स आणि कार्लोस ग्लिडन यांचे, रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणलेले यंत्र फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटवत असे, आणि अक्षरे रोलरच्या, म्हणजे कागद ज्यावर गुंडाळला जातो त्या दांड्याच्या, खालच्या बाजूला उमटत असल्याने लिहिणाऱ्याला लगेच दिसतही नसत. डेन्मार्कच्या रासमुस मालिंग-हान्सेन यांचा ‘लेखनगोल’ तर फारच दुर्मिळ आहे. अंडरवुड ५ मात्र इतक्या प्रचंड संख्येने बनले, की ते जुने असूनही सहज मिळते. वय आणि किंमत यांचे नाते सरळ नसते, याचे हे ठळक उदाहरण. ऑलिव्हेट्टीचा लालभडक व्हॅलेंटाइन (१९६९) त्याच्या रूपासाठी घेतला जातो, तर स्विस हर्मिस ३००० त्याच्या हलक्या, नेमक्या कळांसाठी. कधी किंमत यंत्राला नसून त्यावर लिहिणाऱ्या हातांना असते. कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांचा साधा ऑलिव्हेट्टी लेटेरा ३२ डिसेंबर २००९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात २,५४,५०० डॉलरला गेला. तो पाहून घरातल्या लेटेराला तसा भाव मागणारे विक्रेते निराश होतात.

भारतात सर्वांत जास्त दिसतात ती कचेऱ्यांतून बाहेर पडलेली यंत्रे. गोदरेजने १९५५ मध्ये मुंबईत भारतीय बनावटीचा टायपरायटर तयार केला. पुढे सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यातून गोदरेज प्रायमा येत असे. तिथले उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि २०११ मध्ये ‘जगातला शेवटचा टायपरायटर कारखाना बंद’ अशी बातमी जगभर पसरली. ती खरी नव्हती, पण तिच्यामुळे गोदरेजचे नाव परदेशी संग्राहकांपर्यंत पोहोचले. गोदरेजबरोबर रेमिंग्टन रँड, हाल्डा आणि फॅसिट ही नावे जाहिरातींत वारंवार येतात. यातली कित्येक यंत्रे सरकारी निर्लेखनाच्या (निकामी सामान नोंदीतून काढून टाकण्याच्या) लिलावात वजनावर भंगारवाल्याकडे जातात आणि तिथून बाजारात येतात. बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला डेडस्टॉक नंबर (कचेरीच्या सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक) अनेकांवर असतो. विक्रेते तो खरवडून काढतात, हे थांबले पाहिजे. यंत्र कुठल्या कचेरीत होते हे सांगणारा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

देवनागरी यंत्र घेताना विशेष काळजी लागते. रेमिंग्टन मांडणीत ख, ण, थ, ध, भ, श, ष ही अक्षरे एका ठोक्यात होत नाहीत. आधी अर्धे अक्षर आणि मग काना. ‘भाषण’ एवढा एक शब्द लिहायला कान्याची कळ चार वेळा दाबावी लागते. म्हणून कान्याचा खिळा (दांडीच्या टोकावरचा अक्षर कोरलेला धातूचा तुकडा) झिजलेला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या उलट, अक्षराच्या आधी मारायची असते. उकार आणि अनुस्वार यांच्या कळा दाबल्यावर गाडी पुढे सरकता कामा नये. ती सरकत असेल तर अक्षरांत भलतीच फट पडते. विक्रेत्याकडून ‘भाषण’ आणि ‘कुंकू’ हे दोन शब्द दहा-दहा वेळा टाइप करून त्या कागदाचा जवळून काढलेला फोटो मागवावा. यंत्राच्या वीस फोटोंत दिसणार नाही इतके त्या एका कागदावर दिसते. महाराष्ट्रात टायपिंग क्लासमध्ये मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेली कितीतरी माणसे अजून आहेत. एखाद्याला शेजारी बसवून तो कागद दाखवला तर निम्मे काम होते.

इंग्रजी यंत्राबाबत प्रश्न थोडे बदलतात. अनुक्रमांक कुठे कोरला आहे त्याचा फोटो घ्यावा. टायपरायटर डेटाबेस या संकेतस्थळावर त्यावरून पुष्कळ यंत्रांचे वर्ष काढता येते. रोलरचे रबर नखाने दाबून पाहायला सांगावे. ते दगडासारखे झाले असेल तर कागद घसरतो आणि ठोका कर्कश वाजतो. गाडी दोन्ही टोकांपर्यंत जातानाचा व्हिडिओ मागावा. ‘चेक केलेले नाही’ असे लिहिले असेल तर चालत नाही असे धरूनच भाव ठरवावा. अडकलेल्या कळांची फारशी भीती बाळगू नये. बहुधा जुने तेल आणि धूळ यांचा चिकट थर बसलेला असतो, तो साफ केला की दांड्या सुटतात. त्यावर आणखी तेल ओतणे ही मात्र हमखास होणारी चूक. रिबनचीही चिंता नको, अर्ध्या इंचाची रिबन बहुतेक यंत्रांना चालते आणि अजून मिळते.

या बाजारात सगळ्यात जास्त नुकसान फसवणुकीने होत नाही, वाईट पॅकिंगने होते. ऑफिसचे यंत्र १५ किलोच्या आसपास भरते. खोका पडला की गाडीचा पट्टा तुटतो, चौकट वाकते. पाठवण्यापूर्वी गाडी मधोमध आणून दोन्ही मार्जिन (ओळीच्या टोकांना गाडी थांबवणारे अडसर) तिथेच अडकवावेत, म्हणजे ती हलत नाही. यंत्र फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एका खोक्यात, आणि तो खोका चहूबाजूंनी भराव असलेल्या दुसऱ्या खोक्यात ठेवावा. पेटीसह येणाऱ्या छोट्या यंत्रांना पेटीच पुरेशी वाटते, पण यंत्र आतच सुटून पेटीवर आदळते. पेटीच्या आतली पोकळीही भरावी लागते. हे सगळे विक्रेत्याला लिहून पाठवावे आणि वरखर्च आनंदाने द्यावा.

शेजारच्या वस्तूंत नकलांचा प्रश्न मोठा आहे. पितळी कर्ण्याचे, जुन्या कंपनीची पट्टी लावलेले नवे ग्रामोफोन भारतातच बनतात आणि देशाबाहेर जुने म्हणून विकले जातात. जुन्या स्विस घड्याळांच्या तबकड्या रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून विकलेल्या नगांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईचे नाव असे जोडले जावे याचे वाईट वाटते, कारण त्याच शहरात अस्सल दुरुस्ती करणारे हातही आहेत. टायपरायटरची नक्कल करणे परवडत नाही, म्हणून त्याचा धोका वेगळा आहे. काचेच्या गोल कळा कापून त्यांचे दागिने करणारे लोक चांगली यंत्रे कायमची निकामी करतात. चालू होऊ शकणाऱ्या यंत्राच्या कळा कापणे हा अन्याय आहे आणि तशा सुट्या कळा विकत घेऊ नयेत.

विकणाऱ्याने पैशांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ठेवावी : पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. गिऱ्हाईक तसे करायला सांगत असेल तर बोलणे तिथेच थांबवावे. कायद्याचे भान दोन्ही बाजूंना हवे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तिदंती वस्तूंचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, वस्तू आजोबांच्या काळातली असली तरी.

खोका घरी आल्यावर तो उघडतानाचा व्हिडिओ काढावा, तुटफूट झाली असेल तर तोच पुरावा. मग अडकवलेले मार्जिन सोडवावेत, रोलरवर ठोका थेट बसू नये म्हणून एकावर एक दोन कागद चढवावेत, आणि मागवलेला नमुना शेजारी ठेवून तेच शब्द पुन्हा टाइप करावेत.