अँपार्फे द्यु स्युब्झोंक्तिफ

फ्रेंच भाषेतील संभावनार्थाचा अपूर्ण भूतकाळ. मुख्य वाक्यात इच्छा, भीती, शंका किंवा आवश्यकता व्यक्त झालेली असून त्यातील क्रियापद भूतकाळी अथवा संकेतार्थी असेल, तर अभिजात लेखनाच्या नियमानुसार गौण वाक्यात हे रूप येते. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ आणि ‘त्याने यावे अशी माझी इच्छा होती’ या दोन्ही मराठी वाक्यांत ‘यावे’ तसेच राहते. फ्रेंचमध्ये मात्र पहिल्या वाक्यात ‘व्हिएन’ आणि दुसऱ्यात ‘व्हँ’ अपेक्षित असते. मराठीतील विध्यर्थ किंवा संकेतार्थ यांपैकी कोणताही या काळाला पूर्णपणे समांतर नाही. बोलण्यातून हा काळ जवळजवळ नाहीसा झाला असून लेखनातही तो मुख्यतः तृतीय पुरुष एकवचनापुरता उरला आहे.

रूपसिद्धी : हा काळ ‘पासे सँप्ल’ म्हणजे साध्या भूतकाळाच्या अंगावर (प्रत्यय लागण्यापूर्वीच्या मूळ भागावर) उभा आहे. त्या काळाच्या द्वितीय पुरुष एकवचनी रूपाला शेवटी ‘से’ ही अक्षरे जोडली की संभावनार्थाचे प्रथम पुरुष एकवचन लिहून होते. ही कृती पासे सँप्ल असलेल्या सर्व क्रियापदांना लागू पडते. अंगातील स्वरानुसार चार गट पडतात. ‘पार्ले’ (बोलणे) याचे ‘पार्लास’, ‘फिनीर’ (संपवणे) याचे ‘फिनिस’, ‘व्हुल्वार’ (इच्छिणे) याचे ‘व्हुल्यूस’ आणि ‘व्हनीर’ (येणे) याचे सानुनासिक ‘व्हँस’. चौथ्या गटात ‘व्हनीर’, ‘तनीर’ (धरणे) आणि त्यांच्यापासून उपसर्गांनी बनलेली क्रियापदे एवढीच आहेत. ‘पार्ले’ची सहा रूपे अशी : पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासियों, पार्लासिये, पार्लास. ‘असणे’ या अर्थाच्या ‘एत्र’चे ‘फ्यूस’ व ‘फ्यू’, तर ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) याचे ‘यूस’ व ‘यू’ होते. ज्यांना पासे सँप्लच नाही त्या ‘त्रेर’ (दूध काढणे), ‘क्लोर’ (बंद करणे) यांसारख्या क्रियापदांना हा काळही नाही. ‘फिनीर’च्या गटात तृतीय पुरुष एकवचन सोडून बाकीची पाच रूपे वर्तमान संभावनार्थाशी तंतोतंत जुळतात.

तृतीय पुरुष एकवचनाचे लेखन वेगळे पाहिले पाहिजे. त्यात अंत्य स्वरावर ‘सिर्कोंफ्लेक्स’ हे टोपीच्या आकाराचे चिन्ह येऊन पुढे अनुच्चारित ‘त’ लिहिला जातो. उच्चारात ‘फ्यू’ (तो होता) आणि ‘फ्यू’ (तो असावा) यांत काहीही फरक नाही. भेद दिसतो तो या चिन्हामुळे. जुन्या फ्रेंचमध्ये येथे ‘स्त’ असा अंत होता. त्यातील ‘स’ उच्चारातून लोपल्यावरही कित्येक शतके लिहिला जात राहिला. फ्रेंच अकादमीने आपल्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत (१७४०) असे अनुच्चारित ‘स’ मोठ्या प्रमाणावर काढून त्यांच्या जागी हे चिन्ह दिले. १९९० च्या लेखनसुधारणांनी ‘इ’ आणि ‘यु’ या स्वरांवरील सिर्कोंफ्लेक्स बहुतेक ठिकाणी ऐच्छिक ठरवला, परंतु या काळाच्या रूपांतून तो हलवला नाही, कारण येथे त्यावर व्याकरणिक भेद अवलंबून आहे. ‘आईर’ (द्वेष करणे) हे क्रियापद अपवाद होय. त्याच्या स्वरावर आधीच दोन टिंबे असल्याने टोपी येत नाही.

उगम : हे रूप नावाने अपूर्ण भूतकाळाचे असले, तरी लॅटिनच्या अपूर्ण संभावनार्थापासून (‘कांतारेम’) ते आलेले नाही. ते पूर्ण भूतकाळी संभावनार्थापासून (‘कांताविस्सेम’) आले आहे, याबद्दल आज मतभेद नाही. ‘कांतास्सेम’ अशी आखूड रूपे अभिजात लॅटिनमध्येच रूढ होती व त्यांतून फ्रेंच ‘शाँतास’ सरळ साधते. इटालियन ‘कांतास्सी’, पोर्तुगीज ‘कांतास्स’, स्पॅनिश ‘कांतासे’ ही त्याचीच भावंडे आहेत. रोमानियनमध्ये याच रूपाने संभावनार्थ सोडून निश्चितार्थी पूर्ण भूतकाळाचे काम पत्करले. जुने ‘कांतारेम’ सार्डिनियन भाषेत टिकले. पोर्तुगीजमधील पुरुषप्रत्यययुक्त भाववाचक (‘गाणे’, ‘बोलणे’ असे क्रियेचे नुसते नाव सांगणाऱ्या) रूपाचा उगमही त्यातच काहींनी शोधला आहे, तर इतरांच्या मते ते रूप साध्या भाववाचकाला प्रत्यय लागून स्वतंत्रपणे बनले. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

जुने रूप मागे का पडले, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले ध्वनींचे : अंत्य ‘म’ गळाल्यावर ‘कांतारेम’ आणि भाववाचक ‘कांतारे’ एकच झाले आणि रूप निरुपयोगी ठरले. दुसरे अर्थाचे : घडून न आलेल्या गोष्टीबद्दल बोलताना अधिक दूरचा काळ वापरण्याकडे बोलणाऱ्यांचा कल असतो; त्यामुळे पूर्ण भूतकाळाचे रूप आधी जोर देण्यासाठी, मग सवयीने वापरले जाऊ लागले. जुन्या फ्रेंचचा पुरावा दुसऱ्या स्पष्टीकरणाला अधिक अनुकूल दिसतो. त्या भाषेत हेच एक रूप ‘तो असता तर’ आणि ‘तो असला असता तर’ या दोन्ही अर्थांनी येते, म्हणजे मूळचा पूर्ण भूतकाळ त्यातून पुरता गेलेला नव्हता. ‘रोलाँचे गीत’ या वीरकाव्यात (बहुधा अकरावे शतकअखेर) विश्वासघातकी गानलों एकनिष्ठ असता तर खरा सरदार शोभला असता, अशा आशयाची ओळ आहे. तिच्यातील संकेताच्या दोन्ही अंगांत हेच रूप आहे. पुढे सहायक क्रियापदासह बनलेले संयुक्त रूप रुळले आणि मग ही संदिग्धता हळूहळू मिटली.

फ्रेंचमधील सर्वांत जुनी उदाहरणे ‘संत यूलालीचे गीत’ या एकोणतीस ओळींच्या रचनेत मिळतात. ८७८ मध्ये बार्सिलोनात या संतिणीचे अवशेष सापडल्याचे जाहीर झाले; त्या आधाराने गीत साधारणपणे ८८० च्या सुमारास रचले गेले असे मानतात. हस्तलिखित व्हालाँसियेनच्या ग्रंथालयात आहे. त्यातील ‘आमास्त’ (प्रेम करावे) आणि ‘पेर्देस्से’ (गमवावे) ही दोन रूपे या काळाची निःसंदिग्ध उदाहरणे होत.

मध्ययुगात पहिल्या गटाच्या बहुवचनी प्रथम व द्वितीय पुरुषांत ‘आ’ऐवजी ‘इ’ होता. आजच्या ‘शाँतासियों’च्या जागी ‘शाँतिस्सों’ असे रूप असे. हा ‘इ’ इतर गटांच्या अनुकरणाने आला असावा. सोळाव्या शतकात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात आणि सतराव्या शतकात ‘आ’ असलेले रूप स्थिरावते. हे बारीकसारीक वाटले, तरी पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

ऱ्हासाची मीमांसा : हा काळ मेला तो कानाला खटकतो म्हणून, असे फ्रेंच शालेय व्याकरणांत आणि लोकप्रिय लेखनात वारंवार सांगितले जाते. ‘पार्लासियों’, ‘पार्लासिये’ यांसारख्या लांब, सकारबहुल रूपांची थट्टा एकोणिसाव्या शतकात पुष्कळ झाली, हे खरे. पण केवळ ध्वनीने काळ मरत असता, तर इटालियन ‘पार्लास्सिमो’ आणि पोर्तुगीज ‘फालास्सेमुश’ ही तितकीच सकारयुक्त रूपे बाजारात व घरात रोज बोलली गेली नसती. शिवाय खटकणारे ‘आ’ असलेले बहुवचन पक्के झाले ते बऱ्याच उशिरा.

अधिक पटणारे कारण रूपसिद्धीतच आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत उत्तर फ्रान्सच्या बोलीतून पासे सँप्ल मागे हटू लागले आणि सहायक क्रियापदाने बनलेल्या ‘पासे कोंपोझे’ने त्याची जागा घेतली. भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०९ मध्ये या बदलाचा विचार करताना साध्या रूपांच्या अनियमिततेवर भर दिला होता. पासे सँप्ल कानावर पडेनासे झाले, तेव्हा त्याच्या अंगावर उभ्या असलेल्या संभावनार्थाचाही आधार गेला. मूल ज्या रूपावरून हा काळ आपोआप घडवू शकले असते, ते रूपच त्याच्या परिसरात उरले नाही.

यावर उत्तर इटलीचा आक्षेप घेता येतो. तेथेही साधा भूतकाळ बोलण्यातून गेला आहे, मात्र अपूर्ण संभावनार्थ शाबूत आहे. पण इटालियनमध्ये मोजकी क्रियापदे वगळता या दोन काळांची अंगे केव्हाच वेगळी झाली होती : ‘फेची’ (मी केले) परंतु ‘फाचेस्सी’, ‘एब्बी’ (मला मिळाले) परंतु ‘आव्हेस्सी’. फ्रेंचमध्ये ‘फी’ आणि ‘फिस’ एकमेकांना बांधलेले राहिले. स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये ही बांधणी फ्रेंचसारखीच आहे, पण तेथे साधा भूतकाळ जिवंत असल्याने संभावनार्थही टिकला. चारही भाषांची स्थिती या एका कारणाने उलगडते, म्हणून ते स्वीकारणे योग्य वाटते.

कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात बे सँत-मारी येथील अकादियन फ्रेंचनेही याला पुष्टी मिळते. तेथील बोलीत पासे सँप्ल रोजच्या वापरात आहे आणि त्याबरोबर अपूर्ण संभावनार्थही. पहिल्या गटाच्या क्रियापदांतही तेथे ‘पार्ली’ असा ‘इ’ येतो.

नियम व सवलती : काळांच्या सुसंगतीचा, म्हणजे मुख्य क्रियापदाच्या काळावरून गौण क्रियापदाचा काळ ठरवण्याचा, नियम शालेय व्याकरणाने ताठर केला. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनाँ ब्र्युनो यांनी १९२२ मध्ये असा नियमच मुळात नाही, अशी भूमिका मांडली : गौण वाक्यातील काळ आशयावरून ठरतो, मुख्य क्रियापदावरून नव्हे. शिक्षण खात्याने ही दिशा आधीच धरली होती. २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशाने मुख्य क्रियापद संकेतार्थी असल्यास परीक्षेत वर्तमान संभावनार्थ चालेल असे ठरले, आणि २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने ही सवलत भूतकाळी मुख्य क्रियापदापर्यंत वाढवली.

भाषाशास्त्रज्ञ ग्युस्ताव्ह गीयोम यांनी १९२९ मध्ये या काळाला आपल्या क्रियापदविषयक उपपत्तीत महत्त्वाचे स्थान दिले. त्यांच्या मते फ्रेंच संभावनार्थात खरा भूतकाळ नसून काळाकडे पाहण्याच्या दोन दिशा आहेत. फ्रान्सबाहेर ही मांडणी फारशी रुजली नाही. क्वेबेक हा अपवाद.

सध्याचा वापर : कादंबरी, इतिहासलेखन व औपचारिक निबंध यांत ‘फ्यू’, ‘यू’ यांसारखी तृतीय पुरुष एकवचनी रूपे अजूनही आढळतात. ती लहान असून पासे सँप्लसारखीच ऐकू येतात, त्यामुळे वाचणारा अडखळत नाही. याच काळाच्या सहायक क्रियापदांपासून बनणारा पूर्ण भूतकाळी संभावनार्थ अभिजात गद्यात ‘झाले असते’ या अर्थी निश्चितार्थी रूपांऐवजीही येतो. त्याशिवाय ‘फ्यूस’ (निदान एवढे का होईना), ‘द्यूतिल’ (त्याला करावे लागले तरी), ‘प्लू तो स्येल’ (देव करो) अशा उलट्या क्रमाच्या किंवा ठरलेल्या शब्दप्रयोगांत हा काळ पक्का रुतलेला आहे. यांपैकी पहिला प्रयोग वृत्तपत्रीय लेखनातही येतो.