कार्डावर ‘बरोबर’चं (=) चिन्ह का नाहीये?

माणसांचं वर्णन करणाऱ्या इंग्लिश शब्दांच्या कार्डांचा हा डबा उघडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो, की एवढे इंग्लिश शब्द दिलेत पण सरळ अमुक म्हणजे तमुक असं का नाही लिहिलं, पाठ करून टाकलं असतं ना पटापट. म्हणून हा कागद डब्यात टाकतोय. एकदा वाचा आणि मग कार्डं पिसायला घ्या.

आमच्या पहिल्या संचात आम्ही तसंच केलं होतं. एका बाजूला मराठी शब्द, मागे त्याचे पाच-सहा इंग्लिश समानार्थी, झालं काम. मग एका ताईंनी कळवलं की साहेबांच्या फेअरवेलच्या ग्रीटिंगवर त्यांनी अगदी मनापासून, कौतुकाने ‘कनिंग’ लिहिलं, कारण आमच्या कार्डावर ‘हुशार’च्या मागे इंटेलिजंट, क्लेव्हर, श्रूड, कनिंग सगळे एकाच ओळीत उभे होते. कनिंग म्हणजे कावेबाज हो! चूक त्यांची नाही, आमची होती. तो संच आम्ही बंद केला आणि आता प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात रंगाचा ठिपका असतो. हिरवा म्हणजे तोंडावर म्हटलं तरी समोरचा खूश होईल, लाल म्हणजे तो दुखावेल किंवा भांडेल, आणि पिवळा म्हणजे कोण बोलतंय, कुणाबद्दल, कुठल्या सुरात, हे बघून ठरवायचं.

मराठीत आपण हे न शिकताच करतो. भरपूर बोलणारा माणूस आवडता असेल तर गप्पिष्ट, डोकं खात असेल तर बडबड्या, आणि नको तिथे नको ते बोलला की वाचाळ. माणूस तोच असू शकतो, बदललंय ते आपलं मत. इंग्लिशमध्ये पण तेच, चॅटी हिरवा, टॉकेटिव्ह पिवळा, आणि गॅर्युलस लाल, म्हणजे किरकोळ गोष्टीचं पाल्हाळ लावून ऐकणाऱ्याला जांभया आणणारा. लोक्वेशियस पण याच गटात येतो पण तो पुस्तकी शब्द आहे, बोलताना वापरला तर तुम्हीच जरा विचित्र वाटाल.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर याची मस्त गंमत केली होती, क्रियापद चालवतात तसं एक विशेषण चालवून दाखवलं. मी फर्म, तू ऑब्स्टिनेट, तो पिग-हेडेड फूल. मराठीत काय होईल, मी ठाम, तू हट्टी, आणि तो आडमुठा गाढव. आमचा सगळा संच खरं तर या एका वाक्यावर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. कुठलाही नवीन शब्द आला की तो ‘मी’च्या घरातला का ‘तो’च्या, एवढं स्वतःला विचारा. थ्रिफ्टी, म्हणजे काटकसरी, मी आणि स्टिंजी, म्हणजे चिक्कू, तो. कॉन्फिडंट मी, अ‍ॅरोगंट तो. ट्रस्टिंग मी आणि गलिबल तो, म्हणजे कुणीही टोपी घालावी असा.

मायझर, म्हणजे कंजूष, यावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. हा लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ दीनवाणा, दुःखी, मिझरी आणि मिझरेबल हे त्याच घरातले. म्हणजे पैसा असून हालात राहणारा. काटकसरी माणसाला मायझर म्हणणं म्हणूनच चूक, तिथे फ्रुगल किंवा थ्रिफ्टी. आणि दुसरं, मराठीत ‘तो कंजूष आहे’ आणि ‘तो एक कंजूष’ दोन्ही चालतं, शब्द तोच राहतो, त्यामुळे आपण बिनधास्त ‘ही इज मायझर’ म्हणून मोकळे होतो. मायझर हे नाम आहे, आधी ‘अ’ पाहिजेच, ‘ही इज अ मायझर’. विशेषण हवं तर मायझर्ली. कावर्ड (भित्रा माणूस) आणि कावर्डलीचं पण तसंच, शेवटी ‘ली’ दिसलं म्हणून प्रत्येक वेळी क्रियाविशेषण समजू नका. कार्डावर छोटा ‘ना’ किंवा ‘वि’ छापलाय तो यासाठीच, लोक तिकडे बघतच नाहीत!

काही कार्डांना काळी चौकट आहे. ते शब्द आपण मराठी बोलताना रोज वापरतो आणि तिथेच फसतो. ‘माणूस एकदम सिम्पल आहे’ हे आपल्याकडे कौतुक, पण इंग्लिशमध्ये नुसतं ‘ही इज सिम्पल’ म्हटलं तर बुद्धीने मंद असा अर्थ निघू शकतो, तुम्हाला बहुतेक अनअस्यूमिंग किंवा डाउन-टु-अर्थ, म्हणजे बडेजाव न करणारा, म्हणायचं असतं. होमली तर त्याहून वाईट, घरात रमणारी म्हणून आपण म्हणतो आणि अमेरिकन माणसाला ऐकू येतं दिसायला बेताची.

इंट्रोव्हर्ट आणि शाय ही दोन कार्डं एकमेकांवर ठेवणारे पण खूप आहेत, वेगळी ठेवा. इंट्रोव्हर्ट हा शब्द रूढ झाला तो कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकामुळे, ‘व्हर्ट’ म्हणजे वळणं, तर आत वळलेला. शाय म्हणजे लाजरा, बुजरा. एखादा इंट्रोव्हर्ट स्टेजवर तासभर बोलेल, फक्त नंतर त्याला एकटं बसावंसं वाटेल. आणि कुणाशी मुद्दाम अंतर ठेवून वागणारा अलूफ, तो लाल.

थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, आहे की मग कार्डं कशाला, असंही विचारतात. थिसॉरस वापराच, पीटर रॉजे नावाच्या डॉक्टरांनी १८५२ मध्ये शब्द अर्थाप्रमाणे गटात लावून जो छापला तेव्हापासून लोकांना तो उपयोगी पडतोच आहे, पण तो शब्द आठवून देतो, कुठला शब्द कुणाला लागेल ते क्वचितच सांगतो. तिथून उचललेला शब्द आधी डिक्शनरीतल्या दोन-तीन वाक्यांत बघा.

खेळायचं कसं, तर दिवसाला एकच गट, फार तर चार कार्डं. ओळखीचा एक माणूस डोळ्यासमोर आणा, आधी मराठीत त्याला काय म्हणाल ते ठरवा, मग त्या रंगाचं कार्ड उचला आणि त्याच्याबद्दल एक खरं वाक्य मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको. मग तोच माणूस त्याच्या आईच्या नजरेतून आणि त्याच्यावर जळणाऱ्याच्या नजरेतून. कार्डाच्या खाली बारीक अक्षरात शेजारचा शब्द दिलाय तो पण सोबतच घ्या, जसं अ‍ॅव्हिड रीडर, हेवी स्मोकर, कम्पल्सिव्ह लायर, कारण बिग स्मोकर व्याकरणात बसतं पण कानाला खटकतं.

डब्यात कोरी कार्डं पण आहेत, ती तुमच्या शब्दांसाठी. आणि एखाद्या कार्डाचा रंग चुकलाय असं वाटलं तर नक्की कळवा, पुढच्या छपाईत बदलतो. ‘क्लेव्हर’ असाच एका काकांनी वाद घालून घालून आमच्याकडून हिरव्याचा पिवळा करून घेतलाय.