गोठलेली डॅन्यूब आणि हंगेरीचे किल्ले

हंगेरीने मंगोलांना थोपवलं, असं सरसकट म्हटलं जातं. पहिल्या खेपेला तसं काहीच घडलं नव्हतं. ११ एप्रिल १२४१ रोजी शायो नदीकाठी, मोहीच्या माळावर, मंगोल सेनानी बातू खान आणि सुबुताई यांनी हंगेरीचा राजा बेला चौथा याच्या फौजेची दाणादाण उडवली. बेलाने छावणीभोवती गाड्या जखडून कोट केला होता. आत तंबू इतके खेटून की त्यांच्या दोरांत अडकून माणसांना हलता येईना. मंगोलांपुढून पळून आलेल्या कुमान या भटक्या टोळीच्या घोडेस्वारांना त्याने आधी आसरा दिला होता, पण त्यांचा म्होरक्या कोतेन पेस्टमध्ये मारला गेला आणि ऐन वेळी ते गावं लुटत दक्षिणेकडे निघून गेले.

डॅन्यूब नदी आडवी होती म्हणून पश्चिम भाग हिवाळ्यापर्यंत वाचला. मग पात्र गोठलं. बर्फ घोड्यांचा भार पेलेल का, हे मंगोलांना कळेना. त्यांच्या तावडीतून निसटलेला धर्मगुरू रोगेरियस लिहितो, की त्यांनी काठावर गुरंढोरं सोडली आणि तीन दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही. शत्रू गेला असं समजून पलीकडचे लोक बर्फावरून आले, जनावरं हाकून घेऊन गेले. उत्तर मिळालं, मंगोल नदी ओलांडून आले.

तरीही एस्टरगोम शहर जळून खाक झालं तेव्हा तिथला बालेकिल्ला पडला नाही. पन्नोनहाल्माचा मठही टिकला. १२४२ साली मंगोल परतले. मंगोलांचा सर्वोच्च खान ओगदेई वारला म्हणून, की चाऱ्याअभावी, हा वाद अजून चालू आहे.

दाल्मेशियाच्या किनाऱ्यापर्यंत पळालेला बेला परत आला, तो हिशेब पक्का करून. मातीचे कोट पडले होते, दगडी टिकले होते. किल्ले बांधण्याचा हक्क तोवर राजाचा. तो त्याने सरदारांना मोकळा केला. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत धाडसी निर्णय. बुडाच्या टेकडीवर तटबंदीचं शहर वसलं, राणी मारियाने दागिने मोडून विशेग्राडचा किल्ला बांधवला. कुमानांनाही परत बोलावलं, त्यांची मुलगी युवराज इश्तवानसाठी केली.

तिचाच मुलगा लास्लो चौथा गादीवर असताना, १२८५ मध्ये नोगाई आणि तालाबुगा हे मंगोल सेनानी चालून आले. या वेळी किल्ले हाती लागेनात, फौजेची उपासमार झाली, परततानाही खूप माणसं गेली. मात्र त्याच किल्ल्यांत बसलेले सरदार पुढे राजालाच जुमानेनासे झाले.