हिऱ्यांचं शेत आणि भाड्याची चाळणी

अमेरिकेच्या दक्षिणेत, आर्कान्सॉ राज्यातल्या मर्फ्रीसबरो या छोट्या गावाजवळ ३७ एकरांचं एक रान आहे. ते अधूनमधून नांगरतात, पण पेरत काहीच नाहीत. लोक मात्र तिकीट काढून तिथे दिवसभर माती उकरत बसतात. हिरा सापडला, तर तो सापडणाऱ्याचा! 'क्रेटर ऑफ डायमंड्स' या सरकारी उद्यानाचा हा नियमच आहे.

१९०६ मध्ये जॉन हडलस्टन या शेतकऱ्याला आपल्या जमिनीत पहिले हिरे मिळाले. मागोमाग कंपन्या आल्या आणि हात पोळून गेल्या. १९२४ मध्ये ४०.२३ कॅरेटचा 'अंकल सॅम' निघाला. अमेरिकेत याहून मोठा हिरा आजवर सापडलेला नाही, पण एका हिऱ्यावर खाण चालत नाही. १९७२ मध्ये जागा राज्य सरकारकडे आली. धंद्याला तुटपुंजा ठरलेला माल सहलीला मात्र पुरून उरतो.

नावात 'क्रेटर', म्हणजे ज्वालामुखीचं मुख, असलं तरी हे हिरे ज्वालामुखीत घडलेले नाहीत. ते घडले दीडशेहून अधिक किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी शिलारस वेगाने उसळला आणि त्यांना वर घेऊन आला. तो रेंगाळला असता, तर हिरे वाटेतच विरघळले असते किंवा त्यांचं ग्रॅफाइट झालं असतं. त्या शिलारसाचा खडक, म्हणजे लॅम्प्रोइट, आता झिजून माती झालाय. म्हणून इथे खुरप्यावर भागतं.

शोधायची खरी रीत पाण्याची. भाड्याने घेतलेल्या चाळणीत माती घ्यायची, पाण्यात बुडवून खालीवर हिसके द्यायचे, मधूनच गोल फिरवायची. हिऱ्याची घनता ३.५, गारगोटीची २.६५; त्यामुळे जड खडे तळाशी, मधोमध जमतात. मग चाळणी झटक्यात उपडी करायची, की तळ वर! सूप पाखडणाऱ्या हातांना हे शिकवायला वेळ लागणार नाही.

एवढी खटपट नको असेल, तर मोठा पाऊस पडून गेल्यावर यावं. माती वाहून जाते, हिऱ्याला चिखल चिकटत नाही आणि उन्हात तो लकाकतो. अर्थात अभ्रक आणि काचही लकाकतात, म्हणून उद्यानाचे कर्मचारी खडे फुकट तपासून देतात. बहुतेक हिरे काडीच्या गुलाएवढेच. पांढरे, तपकिरी किंवा पिवळे. पण १९९० मध्ये इथेच मिळालेल्या ३.०३ कॅरेटच्या 'स्ट्रॉन-वॅग्नर'ला पैलू पाडल्यावर निर्दोष असल्याचा दाखला मिळाला. तो पुढे उद्यानानेच प्रदर्शनासाठी घेतला.